शालू नावाचं अक्षर

बायका माझ्या दारात बसून माझ्या नावाने गळा काढून रडत होत्या, आणि मी आत न्हाणीत डोक्याला शिकेकाई लावून बसले होते.

आधी वाटलं, शेजारी कुणी गेलं. मग धाकट्या जावेचा आवाज ओळखला. "माझी सोन्यासारखी जाऊ गेली गं, आता मला कुनाची सावली गं," असं ती म्हणत होती. तिला थोरली जाऊ मी एकटीच. म्हणजे गेलेली मीच, एवढं मला चौथीपर्यंतच्या शाळेवर कळलं. मी तांब्या खाली ठेवला. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, पण डोकं फेसाने भरलेलं, आणि खरं सांगायचं तर पुढचं ऐकायचं होतं. उभ्या जन्मात त्या बाईने माझ्या भाकरीला चांगलं म्हटलं नव्हतं. आता ती सांगत होती की माझा हात सढळ होता, माझ्या जिभेवर साखर होती आणि मी तिला पाठच्या बहिणीसारखं वागवलं. तेव्हा मला शंका आली की ही दुसऱ्याच कुणासाठी रडते आहे.

केस तसेच पिळून, लुगडं गुंडाळून मी बाहेर आले. जावेने मला बघितलं. तिचा सूर लागलेला होता, त्यामुळे आणखी एक ओळ रडूनच ती थांबली.

"मेली कोन?" मी विचारलं.

 मागून एक म्हातारी म्हणाली, "तूच की. चौकात फ्लेक्स लागलाय तुझा."

"पेंटर कुठं हाय?" मी म्हणाले. चौकात माझं काही लागलं असेल तर ते लावणारा माणूस जगात एकच होता, आणि तो माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होता.

उंब्रजला हायवेवरून आत वळलं की आमचं घर. पुढची खोली आमच्या मालकांनी मिलिटरीतून पेन्शनीत आल्यावर दुकानासाठी बांधली. दुकान काही निघालं नाही, मालकच आधी गेले. मग मेढ्याकडून हा पेंटर आला. दुकानांच्या पाट्या, देवळांची नावं, ट्रकांच्या पाठी, सगळं रंगवायचा. त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. लांब, वाळका, पायजम्यावर सगळ्या तालुक्याच्या पाट्यांचे रंग, आणि कानावर ब्रश. बायको नव्हती. का नाही असं विचारलं की सांगायचा, "आलं व्हतं एक स्थळ. पोरीच्या बापानं कागदावर पत्ता लिवून दिला. त्येचा 'ळ' बघितला आन म्या परत आलो. असला 'ळ' काडनाऱ्याच्या घरात संसार कसा व्हायचा?"

त्याला अक्षरं दिसायची, शब्द दिसत नसत. सकाळी माझा पेपर आधी तोच घ्यायचा. हात लांब करून धरायचा, मान वाकडी करायचा आणि बराच वेळ बघायचा.

"काय लिवलंय रं?" मी विचारायची.

"काय की. पन 'ज्ञ' बरा पडलाय आज."

गावचा सरपंच बदलला तरी ते त्याला आठवड्याने कळायचं.

हायवेला वडापच्या जीपा थांबतात, शिटा भरून गावोगाव जाणाऱ्या. पुढच्या काचेवर गावांची नावं रंगवलेली असतात. हा फाट्यावर उभा राहून एकेक जीप तपासायचा आणि सोडून द्यायचा. "ह्या 'ड'ची कंबर मोडलीया, आक्का. ज्येला 'कराड' सरळ लिवता येत न्हाई, त्यो कराडला सरळ नील का?" मी सांगायची की नाव रंगवणारा वेगळा आणि जीप चालवणारा वेगळा. त्याला पटत नसे. असंच जीपा सोडता सोडता त्याने सख्ख्या भाच्याचं लग्न चुकवलं. पोचला तेव्हा मांडववाले कनाती सोडत होते.

एकदा मी चार दिवस लेकीकडे गेले आणि परत येऊन बघते तर माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं. तूर डाळ, हरभरा डाळ, शेंगदाणे. अक्षर देखणं होतं, मी नाही म्हणत नाही. नाजूक, उजवीकडे कललेलं, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक शेपूट, वाऱ्यावर पदर जावा तसं. पण ते शेपूट एवढं लांब की डब्याला वळसा घालून मागे जायचं, आणि त्यातला एखादा काना मागच्याच बाजूला पडलेला. डबा हातात घेऊन पुरता फिरवल्याशिवाय आत काय आहे ते कळत नसे. मी कुकर लावून डबे फिरवत बसायची.

"पुस हे," मी म्हणाले.

"आक्का, आक्षराला पाय ठेवाया जागा लागती."

"माझ्या डाळीवर कशाला पाय ठेवतंय ते?"

पुसलं नाही. अजूनही आहे.

तेच अक्षर त्याने माझ्या लेकाच्या मोटारसायकलच्या नंबराला दिलं. लेक मिलिटरीत. सुट्टीवर आला होता, नवी गाडी घेतली होती. पेंटरने चारचे आणि नऊचे असे काही हात गुंफले की जोडपंच वाटावं. पुलाजवळ पोलिसाने अडवलं. त्याने आधी उभ्याने बघितलं, मग खाली बसून बघितलं, मग लेकाला म्हणाला, "हा गाडीचा नंबर हाय का लग्नाची पत्रिका?" लेक घरी येऊन पेंटरवर जाम उखडला. पेंटर मात्र खूश. "बघा आक्का, पोलिसाला बी कळलं. हे आक्षर पत्रिकंचंच हाय."

त्याच्या जिवाला लागलेली गोष्ट ती हीच. जाड अक्षर दुकानाला, उभं अक्षर शाळेला, आणि हे नाजूक अक्षर लग्नाच्या पत्रिकेला, असं त्याचं ठरलेलं होतं. जन्मात एकदा तरी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आपल्या अक्षरात निघावी. पण पत्रिका छापतात सांगलीला नाहीतर कराडला, यंत्रावर, यंत्रातल्या अक्षरांत. तिथे ब्रशवाल्याला कोण विचारतो?

मग फ्लेक्स आले आणि ब्रशच बसला. पेंटर दिवसभर पायरीवर बसून समोरच्या फ्लेक्सना शिव्या घालायचा. तेव्हा सांगलीहून त्याची भाची आली. ती कंप्युटरवर जाहिराती बसवायचं काम करायची. तिने डबे बघितले, फिरवून बघितले, आणि म्हणाली, "मामा, हे अक्षर कंप्युटरमध्ये घालू या. एकदा घातलं की कुणीही बटण दाबलं की तुमचं अक्षर उमटेल."

ते काम वर्षभर चाललं. कागदावर एकेक अक्षर काढायचं, ते वाळवायचं, भाचीने त्याचा फोटो काढून न्यायचा आणि कंप्युटरवर कडा गिरवायच्या. माझी सगळी ओसरी कागदांनी भरलेली. एकदा कोंबडी ओल्या शाईतून चालत गेली. मला वाटलं आता हा कोंबडीला मारतो. तो तिच्या पायांचे ठसे बघत म्हणाला, "हिचा हात मोकळा हाय."

भाचीशी रोज भांडण. "मामा, 'र' एकच द्या. कंप्युटरला एकच लागतो."

"एकच कसा? 'घर'मधला 'र' बसल्यागत पायजे आन 'वारा'तला पळाया पायजे. तू घरात आन रस्त्यात एकसारखी चालतीस का?"

शेवटी पोरीने हात टेकले आणि तीन तऱ्हेचे 'र' घातले. जागा बघून कंप्युटरच ठरवतो म्हणे कोणता काढायचा. वरची रेघ त्याने सरळ काढू दिली नाही. "ती काय दोरी हाय का, धुनं वाळत घालाया?" ती थोडी उचलायची, थोडी खाली यायची. सगळं झाल्यावर कंप्युटरला नाव हवं होतं. पेंटरला विचार करावा लागला नाही. त्याने सांगितलं, शालू.

ते अक्षर त्याने चौकातल्या फ्लेक्सवाल्याला फुकट दिलं. लग्नसराई आली की लाव म्हणाला. पण लग्नसराईच्या आधी गावातला एक मोठा ऊसवाला बागायतदार वारला. फ्लेक्सवाल्याला काहीतरी शोभेसं हवं होतं. त्याने काळ्यावर पांढऱ्या रंगात, शालूत नाव टाकलं. खाली भावपूर्ण श्रद्धांजली, तीही शालूत. चौकात माणसं थांबून बघायला लागली. एरवी मेलेल्या माणसाचं नाव साबणाच्या जाहिरातीसारखं ओरडत असतं. हे गप्प होतं.

झालं. पुढे जो वारला त्याच्या घरचे तेच अक्षर मागायला लागले. मी माझ्या कानांनी ऐकलंय, फ्लेक्सवाल्याच्या दारात एक जण म्हणत होता, "त्येंच्या आन्नाला नाजूक आक्षर आन आमच्या तात्याला ठोकळं? आमचा तात्या काय रस्त्यावर पडला व्हता?" दोनेक वर्षांत अशी तऱ्हा झाली की लोक वाचायचेच बंद झाले. हायवेने जाणारा माणूस जीपमधून लांबून ते कललेलं अक्षर बघायचा, टोपी काढायचा आणि मग शेजारच्याला विचारायचा, "कोन गेलं रं?" एकाने हौसेने बारशाला ते अक्षर लावलं, तर पोराच्या आजीने फ्लेक्स फाडून चुलीत घातला.

पेंटर जेवेनासा झाला. "आक्का, म्या शालू इनला आन ही मानसं त्यो तिरडीवर टाकत्यात."

"टाकत्यात म्हंजी निदान वापरत्यात," मी म्हणाले. "माझा पेटीत पडून कसरीनं खाल्ला."

याने त्याला बरं वाटलं नाही. मला लोकांना बरं वाटेल असं बोलता येत नाही.

तो सांगलीला गेला. तिथे पत्रिकांचा मोठा छापखाना चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांना नमुना दाखवला. माणूस सभ्य होता, त्याने सरळ सांगितलं, "अक्षर देखणं आहे, पेंटर. पण त्याची कीर्ती आमच्यापर्यंत आलीय. ही पत्रिका घरात गेली तर बायका आधी रडतील आणि मग तारीख बघतील. तुम्ही एक करा. आनंदाच्या कामात हे अक्षर लोकांनी चालवून घेतलंय, एवढं मला एकदा माझ्या डोळ्यांनी दाखवा. पुढच्या सराईच्या पत्रिका ह्यात काढतो."

म्हणजे आता पेंटरला आनंदाचं काम हवं होतं. तो गावभर फिरला. साखरपुडा, वास्तुशांत, नवा ट्रॅक्टर, कशालाही. ते अक्षर म्हटलं की लोक दार लावून घ्यायचे. मग तो माझ्याकडे वळला. मला पंचाहत्तर वर्षं पुरी होत होती. कागदावर. माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरांची जन्मतारीख मास्तरांनी एक जून लिहिली होती, त्यात मी एक.

"माझं थोबाड चौकात लावायचं न्हाई," मी म्हणाले. "पुढाऱ्यांनी भरलाय तेवढा चौक बास झाला."

"आक्का, तुमी न्हाई म्हनला तर माझं आक्षर मसनातच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे."

मला वाटलं विषय संपला. त्याने माझ्या सुनेला गाठून माझा फोटो मिळवला. आधार कार्डावरचा. त्या फोटोत माणूस तसाही गेल्यासारखाच दिसतो.

आता तो फ्लेक्स कसा होता ते सांगते, म्हणजे गावाला दोष देता येणार नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स म्हटला की पिवळा, लाल, झगमग, खाली पोरांची डोकी ओळीने. पेंटर म्हणाला, रंगात अक्षराचा जीव जातो. म्हणून पांढरा फ्लेक्स आणि काळं अक्षर. फुलं नकोत, केक नको, कुणाची डोकी नकोत. हार्दिक शुभेच्छा हे शब्द घासून घासून गुळगुळीत झालेत म्हणून तेही नकोत. मध्ये माझा फोटो, खाली माझं नाव शालूत, नावाखाली 'पंचाहत्तर वर्षे'. आणि अगदी तळाला, बारीक, 'वाढदिवस'. सकाळी फळवाल्याने त्याच्यापुढे आपली मोठी छत्री उघडली आणि तळाची ओळ छत्रीमागे गेली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो मी चूळ भरायच्या आत फलटणपर्यंत पोचला.

एवढं मला त्या सकाळी दारात उभं राहून तुकड्यातुकड्याने कळलं. तोवर माणसं वाढत होती. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली होती, कारण गेलेल्याच्या घरी चूल पेटवत नाहीत. दोन माणसं बांबू बघायला गेली होती, त्यांना परत बोलवायला तिसरा धावला. सून डेअरीत दूध घालून आली, तिने गर्दी बघितली, मला बघितलं आणि किटली घेऊन भिंतीला टेकली. तिचा फोन वाजला. लेक सीमेवरून बोलत होता. तिने फोन माझ्या कानाला लावला.

"आई, तू हायस का?"

"हाय."

"मग ह्यो फोटो?"

"पेंटरनं लावलाय."

लेकाने तिकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, आई हाय. मग म्हणाला, "रजा मंजूर झाली व्हती गं."

तेवढ्यात दारात जीप थांबली आणि दादा उतरला. हा माझा थोरला भाऊ, फलटणचा. आईच्या माघारी तिची म्हैस कुणी न्यायची यावरून आमचं फाटलं होतं. म्हैस केव्हाच मरून गेली होती, भांडण टिकून होतं. दोघांनी एकमेकांचा उंबरा कित्येक वर्षं बघितला नव्हता. दादा रडत उतरला, हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं. आमच्यात बाई गेली की तिच्यावर घालायचं शेवटचं लुगडं माहेराहून येतं, भावाने आणायचं असतं. तो मान खाली घालून पायऱ्या चढला आणि माझ्या अंगावरच आला.

"तू हायस?" तो म्हणाला.

"हाय."

"मग हे?" त्याने लुगडं पुढे केलं.

"आनलंयस तर ठेव. इरकल दिसतंय."

"व्हय. मेलीयस म्हनून चांगलं आनलं." त्याने फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. "म्हस तुझीच व्हती, बाय."

"आता काय उपेग?"

"आसू दे. जीपमदी सगळी वाट तेवढंच म्हनत आलोय, सांगून टाकतो."

मी त्याला पाटावर बसवलं आणि पिठलं-भाकरी वाढली. माझ्यासाठीच आली होती.

मग पेंटर आला. तो सकाळपासून फाट्यावर उभा होता, सांगलीच्या त्या छापखानेवाल्यांना उतरवून घ्यायला. त्यांना त्याने मुद्दाम आजच बोलावलं होतं. हातात त्यांच्यासाठी नारळ, अंगात धुतलेला सदरा, तोंडावर हसू. मागून ते गृहस्थ आले. त्यांच्या हातात माझ्यासाठी गुलाबांचा गुच्छ होता. बायकांचा घोळका बघून त्यांनी चपला लांबच काढल्या, गुच्छ पाठीमागे लपवला, आणि दादाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. कालपर्यंत बऱ्या होत्या ना?"

"आवं त्या ह्या काय, उभ्या हायत," पेंटर म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. केसांतून पाणी गळत होतं, मी काही फार जिवंत दिसत नसेन. ते तांबडे झाले. गुच्छ माझ्या हातात दिला आणि पेंटरला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं.

"पेंटर, वाढदिवस आहे हे मला माहीत होतं. तुम्हीच बोलावलंत. तरी चौकात ते अक्षर बघितलं आणि माझ्या छातीत धस्स झालं. मला माहीत असून हे होतं, तर ज्यांना माहीत नाही त्यांचं काय? मला माफ करा. ह्या अक्षरात मला कुणाचं लग्न लावता येणार नाही."

मिळेल त्या जीपने ते परत गेले. पेंटर पायरीवर बसला. नारळ मांडीवर. मी त्याला खूप बोलायचं ठरवलं होतं, आणि थोडं बोललेही, पण त्याचं लक्ष नव्हतं. समोर बायका माझ्या मरणाच्या भाकऱ्या खात होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"जाऊ दे गं," ती मघाची म्हातारी मला म्हणाली. "जित्त्या मानसाच्या मरनाची बातमी उठली की त्येचं आयुष्य वाडतं. तुला आता मरान न्हाई लवकर."

दादाचा घास थांबला. तो ऐंशीला आला होता. "वाडतं?"

"वाडतं की. सगळ्यांस्नी ठावं हाय."

दादाने हात धुतला, पेंटरपुढे जाऊन उभा राहिला. "माझा बी लाव. असलाच. फलटनात."

"म्या ते आक्षर आता बंद केलं," पेंटर म्हणाला.

"तुला इचारलं न्हाई. लाव म्हनतोय."

"तुमास्नी आक्षर आवडलं म्हनून न्हाई, मरनाला चकवायचं म्हनून पायजे तुमास्नी."

तेव्हा मी मध्ये पडले. "तुला रं काय करायचंय, कशापायी पायजे ते? म्हातारा फेटा बांदून त्येच्याखाली हसत उभा ऱ्हाईल का न्हाई? सांगलीवाल्यानं दुसरं काय मागितलं व्हतं?"

पेंटर बराच वेळ नारळ फिरवत बसला. माझे डबे मी फिरवते तसा. मग म्हणाला, "पन रंग घालनार न्हाई."

फलटणचा फ्लेक्स लागला. दादा सकाळपासून नव्या फेट्यात त्याच्याखाली खुर्ची टाकून बसला. जो कुणी पडक्या तोंडाने यायचा त्याला, "ये, मी हाय, च्या घे," म्हणायचा. त्याला एवढी मजा आली की फ्लेक्स उतरवायला तयार होईना. तिथल्या दुसऱ्या म्हाताऱ्यांनी ते बघितलं. मग त्यांनाही हवं झालं. पुढच्या एक-दोन वर्षांत या पट्ट्यात कुणाची पंचाहत्तरी शालूशिवाय होईना. आणि म्हाताऱ्यांनीच फ्लेक्सवाल्यांना दम दिला की हे अक्षर आता मेलेल्याला लावायचं नाही, त्याची ताकद जाते. मेलेल्यांच्या घरच्यांनाही ते पटलं. ज्याचं आयुष्य संपलंय त्याला आयुष्याचं अक्षर कशाला?

पेंटरला यातलं काहीच पटत नव्हतं. "कोन बी आक्षर बघत न्हाई, आक्का. आदी मरान बघायचे, आता आयुष्य बघत्यात." पण जेवायला लागला होता.

मग दादाच्या नातीचं लग्न ठरलं. दादा थेट सांगलीला त्याच छापखान्यात गेला आणि म्हणाला, नात माझी, पत्रिका माझी, या अक्षरात छापणार नसाल तर लग्नाला मी नाही. ते गृहस्थ ऐकून होते, फलटणकडे काय चाललंय ते. ते म्हणाले, आणा पेंटरला.

पेंटरने नावांची यादी बघितली आणि बसकण मारली. आमच्याकडे पत्रिकेत आजे, चुलते, मामा, मावश्यांचे मालक, भाऊबंद, सगळे लागतात. कुणाचं नाव राहिलं तर पिढ्या बोलत नाहीत.

"निम्मी मानसं काडा," पेंटर म्हणाला. "माझ्या आक्षराला हालाया जागा न्हाई."

"मानसं काडली तर मांडवात मारामारी व्हईल," दादा म्हणाला.

चार दिवस दोघे हटेनात. शेवटी छापखानेवाल्यांनी तोड काढली. पुढच्या पानावर फक्त नवरा आणि नवरी, शालूत. बाकी सगळं गणगोत मागच्या पानावर, यंत्रातल्या साध्या अक्षरात. मागे गेलेल्या मावश्यांनी दादाला लग्नापर्यंत आणि लग्नानंतरही बोलून घेतलं. पण पत्रिका अशी निघाली की पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मीसुद्धा चष्मा पुसला. नवऱ्याच्या नावाचं शेपूट खाली येऊन नवरीच्या नावाला नुसतं टेकलं होतं, धरलं नव्हतं. पेंटरने बोटाने कागद चोळला आणि म्हणाला, "कागद हलका वापरलाय."

लग्नाला मी त्याला घेऊन गेले. वडाप नको म्हणून दादाने स्वतःची गाडी पाठवली. पेंटर मांडवात मधोमध खुर्चीवर बसला. नवरा-नवरीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. ज्याच्या ज्याच्या हातात पत्रिका होती त्याच्याकडे बघत होता. एक जण पत्रिकेने वारा घेत होता. पेंटर त्याला म्हणाला, "वारा येतोय का नीट?" तो म्हणाला, "येतोय की." एका बाईने पत्रिकेवर पोराचं लाडू खाल्लेलं तोंड पुसलं. मला वाटलं आता हा उठतो. उठला नाही.

अक्षता झाल्या, पंगती बसल्या. तो माझ्याकडे वाकला आणि म्हणाला, "आक्का, कोन बी रडलं न्हाई."

"नवरीची आई रडली की," मी म्हणाले.

"तेवढं सोडा."

त्यानंतर त्याच्या अक्षरात पुष्कळ पत्रिका निघाल्या. सांगलीवाल्यांनी शब्द पाळला. पेंटर प्रत्येक पत्रिका आणून मला दाखवायचा आणि तिच्यातलं काय बिघडलंय ते सांगायचा. बरंच बिघडलेलं असायचं.

गेल्या थंडीत तो गेला. सकाळी चहाला आला नाही म्हणून मी खोलीत गेले, तर झोपेतच. भाची सांगलीहून आली. चौकातला फ्लेक्सवाला रडत आला आणि मला विचारायला लागला, "आक्का, पेंटरचं नाव शालूतच घालू न्हवं?"

मी म्हणाले, "न्हाई. जाड आक्षर लाव. नाजूक लावलंस तर लोकांस्नी वाटंल वाढदिवस हाय."

त्याने जाड लावलं.

दादा त्याच्या आधीच्या दिवाळीत गेला. माझ्या दारात सूर लावून रडणारी जाऊ या उन्हाळ्यात गेली. मी आहे.